खोकला ऐकून घाबरू नकोस, श्वास मोज

हे बघ, पावसाळा लागला की आपल्या भाईंदरच्या गोडदेवातल्या कुठल्याही बिल्डिंगचा जिना चढ, दर मजल्यावर कोणीतरी खोकतच असतं. तुझ्याकडे तर सगळंच जुळून आलंय गं. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं, भिंतीला ओल आणि पंख्याखाली दोरीवर न वाळलेले कपडे. खिडकी उघडावी तर स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांकडून पॉलिशची धूळ, नाही उघडावी तर घरात कोंडमारा. त्यात नवरा भाईंदर लोकलमध्ये रोज दोन वेळा शंभर लोकांचा श्वास अंगावर घेऊन येणार आणि बूट काढायच्या आधी लेकीची पापी घेणार. मग लेकीला सर्दी झाली म्हणून तू स्वतःला दोष देत बसतेस. त्यातलं किती तुझ्या हातात होतं, सांग बघू?

खरं सांगू का, लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं अगदी नेहमीचं आहे. बालवाडीत जायला लागलं की जास्तच. यातल्या बहुतेक सर्द्या विषाणूंच्या असतात आणि त्या आपल्या आपण येतात, आपल्या आपण जातात. ताप दोन-तीन दिवस, नाक आठवडा-दहा दिवस, आणि खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. आठव्या दिवशी खोकला आहे म्हणजे औषध लागू पडलं नाही, असं नसतं. शेंबूड आधी पाण्यासारखा, मग घट्ट, मग पिवळा-हिरवा होतो, तेही सर्दीचं चालतं वळण आहे. हिरवा दिसला म्हणून अँटिबायोटिक, हा हिशेब आपल्या जिन्यात चालतो, वैद्यकशास्त्रात नाही.

मग घाबरायचं कधी? इथे माझं एकच सांगणं आहे, ते नीट ऐक. खोकल्याचा आवाज आपल्याला रात्रभर जागवतो, पण त्यावरून आजार किती खोल गेलाय ते कळत नाही. ते श्वासावरून कळतं. न्यूमोनियात फुप्फुसाच्या बारीक पिशव्यांत पू आणि पाणी भरतं, हवेला जागा उरत नाही, म्हणून बाळ भराभर श्वास घ्यायला लागतं. ही घाई तुला घरातच, कुठल्याही मशीनशिवाय दिसते.

कशी बघायची ते सांगते. बाळ शांत हवं. झोपलेलं असेल तर उत्तम. रडताना किंवा दूध पिताना मोजायचं नाही. झबलं वर कर, दिवा लाव, आणि पोटाकडे बघ. पोट वर आलं-खाली गेलं की एक. मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लाव आणि पूर्ण मिनिट मोज. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नकोस, लहान बाळं मधेच थांबून थांबून श्वास घेतात. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोज. मी माझ्या थोरल्याच्या वेळी मोजता मोजता त्याच्याआधी झोपून जायचे, म्हणून सांगते, बसून मोज, आडवी होऊन नको.

आता आकडे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षं, म्हणजे तुझी लेक, ४० किंवा जास्त. एवढे आले तर श्वास जलद आहे, त्याच दिवशी डॉक्टरकडे. ताप चढलेला असतानाही श्वास वाढतो. तेव्हा बाकी सगळं ठीक असेल तर तापाचं औषध देऊन, अंग जरा निवल्यावर पुन्हा मोज. तरी आकडा तोच, तर मग वाट बघायची नाही.

हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाही हं. आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी हेच काम गावागावांत उभं केलं. तिथे डॉक्टर कोसावर, आणि लेकरं न्यूमोनियाने जायची. त्यांनी गावातलेच आरोग्यसेवक आणि सुईणी यांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. ज्या सुईणींना पन्नासपर्यंत आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचं साधं यंत्र केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, बाजूला मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत ठरलेल्या आकड्यावरचा लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया समजायचा. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अहवाल आला. जिथे हे काम झालं त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू बाकीच्या गावांच्या निम्म्याहून कमी होते. अक्षरओळख नसलेल्या बाईला जे जमलं, ते हातात मोबाईल असलेल्या तुला जमणार नाही होय? म्हणे, ‘ताई, मला भीती वाटते.’ वाटू दे. भीती वाटली तरी मोजता येतं.

आकड्याच्या पलीकडच्या काही खुणा आहेत, त्या दिसल्या की मोजतही बसायचं नाही. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांखाली, खड्डा पडल्यासारखा आत ओढला जातो. नाकपुड्या फेंदारतात. प्रत्येक श्वासाला बाळ कण्हतं. शांत असतानाही श्वास आत घेताना घर्र असा आवाज येतो. ओठ किंवा जीभ निळसर दिसते. दूध-पाणी घेत नाही, घेतलेलं सगळं उलटून टाकतं. झटके येतात, किंवा हाक मारली तरी डोळे उघडत नाही, मलूल पडून राहतं. यातली एक जरी खूण दिसली तरी थेट हॉस्पिटल, आणि गाडी नसेल तर १०८ला फोन. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप जरी असला, तरी घरगुती काहीही करत न बसता त्याच दिवशी दाखवायचं. इतकी लहान बाळं फार पटकन बिघडतात.

बरं, सगळा छातीचा आजार न्यूमोनिया नसतो. श्वास सोडताना शिट्टीसारखा सूं-सूं आवाज येतो, तो श्वासनलिका आकसल्याचा. दोन वर्षांच्या आतल्या बाळांत तो बहुतेकदा विषाणूमुळे येतो, आणि त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. मोठ्या मुलाला तो वारंवार येत असेल तर डॉक्टर दम्याचा विचार करतील. पंप लिहून दिला तर ‘सवय लागेल’ म्हणून नाक मुरडू नकोस. पंपातलं औषध नेमकं फुप्फुसात जातं, म्हणून अगदी थोडं पुरतं. कुत्रा भुंकल्यासारखा खोकला रात्री अचानक सुरू झाला तर तो घशाच्या खालच्या सुजेचा. तो बहुतेकदा आटोक्यात येतो, पण त्यासोबत श्वास घेताना आवाज यायला लागला तर थांबायचं नाही. आणि फ्लू? तो सर्दीसारखा हळूहळू येत नाही. सकाळी बरं असलेलं माणूस संध्याकाळी फणफणून, हातपाय मोडून पडतं. २००९ची स्वाईन फ्लूची साथ तू शाळेत असशील तेव्हाची, भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला होता. तोच विषाणू आता दरवर्षीच्या नेहमीच्या फ्लूत सामील झालाय. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, साठी-पासष्टीच्या पुढची माणसं, मधुमेहवाले, यांना फ्लू वाटला तर दोन दिवसांच्या आत डॉक्टरकडे जा. ओसेल्टामिविर नावाची गोळी सुरुवातीच्या ४८ तासांत जास्त काम करते.

डॉक्टरकडे गेलीस की गोंधळून ‘खोकला आहे’ एवढंच सांगून येऊ नकोस. घरूनच कागदावर लिहून ने. ताप कधीपासून, किती होता, श्वास मिनिटाला किती मोजलास, खाणं-पिणं किती, शू किती वेळा झाली, घरात आणखी कोण आजारी आहे, आधी कोणतं औषध दिलंय. बाटलीच सोबत ने, नाव आठवायची भानगड नको. डॉक्टर छाती तपासतील, बोटाला ऑक्सिमीटर लावतील. दर खोकल्याला एक्स-रे लागत नाही आणि दर तापाला रक्त तपासायचीही गरज नसते. तपासणी नको म्हणाले तर डॉक्टर हलक्यात घेताहेत असं समजू नकोस. आणि निघताना एक प्रश्न न लाजता विचार, ‘काय दिसलं तर परत यायचं?’ हे उत्तर औषधाच्या चिठ्ठीइतकंच कामाचं असतं.

घरातल्या ऑक्सिमीटरबद्दल विचारलं होतंस ना? मोठ्या माणसांसाठी ठेव. आकडा ९४च्या खाली आला तर डॉक्टर, ९०च्या खाली आला तर थेट हॉस्पिटल. पण नेलपॉलिश, मेंदी, गार पडलेली बोटं, यांनी तो चुकीचं दाखवतो. मोठ्यांचा चिमटा बाळाच्या बोटाला नीट बसतही नाही. लेकीसाठी तुझे डोळे आणि टायमर बरे.

आता औषधं. न्यूमोनिया आहे असं डॉक्टर म्हणाले तर अँटिबायोटिक हवंच, आणि जितके दिवस सांगितलंय तितके दिवस द्यायचं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून बाटली फ्रीजच्या दारात ठेवून द्यायची नाही. पण साध्या सर्दी-खोकल्याला मेडिकलवाल्याकडून अझिथ्रोची तीन गोळ्यांची पट्टी आणायची नाही. पट्टीवर लाल उभी रेघ असते बघ, ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न घेण्याच्या औषधांची खूण आहे. विषाणूवर ती गोळी चालत नाही. वर पोट बिघडतं, आणि खरी गरज पडेल तेव्हा जंतू तिला दाद देत नाहीत. तुझा नवरा म्हणेल, ‘मागच्या वेळी अझिथ्रोनेच बरं वाटलं.’ त्याला सांग, चौथ्या दिवशी तसंही वाटणार होतं.

आणि खोकल्याची औषधं लहान मुलांना अजिबात नकोत. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात काय झालं ते तू वाचलं असशीलच. खोकल्याच्या दूषित औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन लहान मुलं गेली. त्यातल्या कितीतरी जणांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा स्पष्ट सांगितलं, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, आणि पाचच्या आत सहसा देऊच नका. औषध शुद्ध असलं तरी या वयात त्याचा फायदा नगण्यच असतो.

तापासाठी पॅरासिटामॉल पुरे. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, म्हणून लेकीचं वजन करून डॉक्टरकडून एकदा नीट लिहून घे. आणि इथे एक सापळा आहे. थेंबांच्या बाटलीतलं औषध सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतं. सिरपचा चमचाभर डोस थेंबांच्या बाटलीतून दिलास तर चौपट जाऊ शकेल. बाटलीसोबत आलेलाच ड्रॉपर वापर, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर ठेव, आणि किती वाजता दिलं ते लिही. रात्री अडीच वाजता ‘मी दिलं की तू दिलंस’ हा वाद आमच्याकडे इतका रंगायचा की शेजारीण भिंतीवर थाप मारायची. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही, आजोबांच्या डबीतलं तर मुळीच नाही.

घरचे उपाय मी टाकून दे म्हणत नाही, निवडून घे म्हणते. वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध दे, खोकल्याला खरंच आराम पडतो. वर्षाच्या आत मात्र मध चाटवायचाच नाही, कोणी कितीही हौसेने आणला तरी. नाक चोंदलं तर मेडिकलमध्ये मिळणारे सलाईनचे थेंब दूध पाजण्याआधी आणि झोपण्याआधी घाल. अंगावर पीत असेल तर थोडं थोडं, वारंवार पाज. तुला सर्दी असली तरी पाज, फक्त मास्क लाव आणि हात धू. मोठ्यांनी चिंबोऱ्यांचा गरमागरम रस्सा ओरपावा, मीही ओरपते. लेकीला मऊ भात, वरण, पेज. दही-केळ्याने कफ होतो म्हणून तिला उपाशी ठेवू नकोस.

मात्र काही गोष्टींवर मी हट्टी आहे. मालीशवाल्या मावशींना सांग, नाकात-कानात तेल घालायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि तिथे सूज आणतं. ओवा-शेपाची धुरी बाळाला द्यायची नाही. सासूबाईंना वाईट वाटेल, तर त्यांचेच पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी त्यांच्या हातात दे, त्यांचं मन राहील. धूर तो धूरच, मग तो ओव्याचा असो की कासवछाप अगरबत्तीचा. आणि पातेल्यात उकळतं पाणी ठेवून मुलाला वाफ द्यायची नाही. त्याने सर्दी जातेच असं नाही, पण पातेलं कलंडून भाजलेली मुलं मात्र हॉस्पिटलात येतात. कापराच्या पुरचुंड्याही नकोत, कापूर पोटात गेला तर झटके येतात. बाम मी स्वतः इतका चोपडायचे की घरात शिरलेल्या पाहुण्यांचे डोळे पाणवायचे. दोन वर्षांच्या आत बाम लावूच नये, हे मला नंतर कळलं.

सासूबाईंचा खोकला मात्र मी वेगळ्या रकान्यात ठेवते. किती दिवस झाले म्हणालीस? दोन आठवड्यांच्या पुढे गेला असेल तर थुंकी तपासायलाच हवी. संध्याकाळची कणकण, रात्री घाम, भूक मेलेली, वजन उतरलेलं, थुंकीत रक्त, यातलं काही असो वा नसो. टीबी म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते, पण ती कुजबुजच जास्त नुकसान करते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तपासणी आणि सगळी औषधं मोफत मिळतात. साधारण सहा महिने नेमाने घेतली की टीबी बरा होतो. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी महिन्याला पैसेही मिळतात, ते नोव्हेंबर २०२४पासून ५००चे १,००० झालेत. आणि हे विसरू नकोस, घरात टीबी निघाला तर तुझ्या लेकीचीही तपासणी करायची. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला आजार नसला तरी तो होऊ नये म्हणून औषध देतात. मुलांना थुंकी काढता येत नाही, म्हणून त्यांचा टीबी हुकतो. घरात कोण खोकतंय, हाच तिथे मोठा दुवा असतो.

म्हाताऱ्या माणसांच्या न्यूमोनियात ताप कधी कधी येतच नाही. सासूबाई अचानक असंबद्ध बोलायला लागल्या, जेवण टाकलं, उठवेना, तर त्यांचाही श्वास मोज. मोठ्या माणसाचा एरवी मिनिटाला १२ ते २० असतो. ३०वर गेला तर थेट हॉस्पिटल. भाईंदर पश्चिमेचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, आपण ज्याला टेंभा म्हणतो ते, सरकारी आहे. तिथे कसं जायचं, पावसात फाटकापाशी पाणी साचलं तर कुठून जायचं, हे आजच नवऱ्याशी बोलून ठेव.

लसींचं कार्ड काढून बघ. न्यूमोकोकल लस, म्हणजे पीसीव्ही, २०२१पासून देशभर सरकारी केंद्रांत मोफत आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, असे तीन डोस. पेंटाव्हॅलेंट लसीत हिब या जंतूवरची लस असते, तीही न्यूमोनियापासूनच राखते. गोवरही फुप्फुसावर उतरतो, म्हणून त्यावरच्या एमआर लसीचे दोन डोस चुकवायचे नाहीत. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि ती सहसा विकतच मिळते. पैसे मोजकेच असतील तर आधी सासूबाईंना दे. आणि घरात शिरल्यावर नवऱ्याने आधी हात-तोंड धुवायचं, मग लेक. त्याला राग आला तर माझं नाव सांग, मी वाईटपणा घ्यायला तयार आहे.

तू खूप करतेस गं. रात्रीचं जागरण, सकाळचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या, आणि वर प्रत्येकाचा सल्ला. माझाही त्यात आलाच. एवढ्या सगळ्यातलं काही विसरलीस तरी चालेल. पण साठ, पन्नास, चाळीस हे तीन आकडे कालनिर्णयच्या मागच्या पानावर ठसठशीत लिहून ठेव, आणि शेजारी १०८. लेकीचा श्वास चाळीसच्या आत असेल आणि ती हसत-खेळत असेल, तर मला निवांत फोन कर, तासभर गप्पा मारू. आणि तिची छाती आत ओढली जात असेल, तर मला फोन करण्यात एक मिनिटही घालवू नकोस. आधी रिक्षा पकड.